अखंड रेघ

३ जुलै
लागली एकदाची नोकरी! डोळ्यांच्या तपासणीची खोली लहान, पण उजेड भरपूर. डावीकडे दार, समोर कोरी भिंत, उजवीकडे माझं टेबल नि स्टूल, त्यापलीकडे बाक. शाळा सुटली की माझी सात वर्षांची लेक तिथे येऊन बसणार. तिला मी शेपूटच म्हणते.

काम सोपं आहे. पेशंटला कॅमेऱ्याचा चष्मा लावायचा आणि मिनिटभर समोर बघायला सांगायचं. नजर जिथे जिथे जाते, तशी पडद्यावर रेघ उमटते. डॉक्टरबाई म्हणाल्या, नजर उड्या मारत जाते, मेंदू तिला तसंच नाचवतो. समोरून काही सरकत गेलं, तरच ती न तुटता त्याच्यामागे जाते. मी शहाणपणा करून कोऱ्या भिंतीवरून नजर सावकाश फिरवून बघितली. रेघ टोळासारखी टुणटुण उड्या मारत गेली. बाई पोट धरून हसल्या.

५ जुलै
एका सुतारकाकांची रेघ अखंड आली. दारापासून भिंतीच्या मध्यापर्यंत. खोलीत काहीच हललं नव्हतं. काय पाहिलंत, विचारलं, तर म्हणाले, भिंत. डॉक्टरबाईंच्या मते डोळ्यांना दिसलेलं सगळं माणसाला कळतंच असं नाही.

८ जुलै
आज शिंपीणबाई. तीच संथ रेघ, पण माझ्या टेबलापर्यंत. चष्मा बदलला. पुढच्या पेशंटचीही तशीच. मला भीती वाटतेय, आणि बोलले तर हसं होईल.

१० जुलै
तीन पेशंट. तिन्ही रेघा माझ्या स्टुलाशी थांबल्या. मागे वळून बघायचा धीर झाला नाही. नोकरी सोडते म्हणाले. बाईंनी शुक्रवारपर्यंत थांबायची गळ घातली. थांबते — जे काय आहे ते माझ्याच मागे आहे, दुसऱ्या कुणाला धोका नाही.

१२ जुलै, दुपार
रेघ स्टुलाशी थांबली नाही. मला ओलांडून गेली. बाकापर्यंत. शेपूट तिथे चित्र रंगवत होतं —
तिला उचललं आणि निघाले.

घरी
कडी लावली. ती समोर बसलीय. लिहिते, नाहीतर ओरडेन.

ती दाराकडे बघतेय. डोळे सरकताहेत — एकही उडी नाही — दार, कपाट, खुर्ची —
काय बघतेस गं, विचारलं.
"काही नाही, आई."

आता दोन्ही बुबुळं नाकाकडे वळताहेत. अगदी जवळचं बघताना वळतात तशी. आणखी जवळ — आणखी —
मी मध्ये हात घातला, हाताला