आधी आखडलेला हात

दि. ४ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
थोरलीचे अ. उ. आ.

तर पहिली आली ती शाळेतली बाई, मुलांची विचारपूस करते ती, आणि तिच्या मागून धापा टाकत जिना चढली दवाखान्यातली नर्सबाई. कशासाठी आल्या ते आधी सांगायला हवं होतं, पण माझं पत्र म्हणजे उलटा सुटलेला लोकरीचा गुंडा, तुला ठाऊकच आहे.

आपल्या भिंगरीला गेल्या सहा महिन्यांत एकोणीस वेळा शाळेत उशीर झाला. होणारच. तिची आई, म्हणजे तुझी भाची, उठते तीच मुळी पोरीच्या खांद्यावर भार देऊन. संधिवाताने सकाळी हातपाय लाकूड झालेले. मग गरम पाण्याचा शेक, गोळ्या, कपडे, वेणी, वर स्वयंपाक. बारा वर्षांची पोर, पण हात असा चालतो की मी नुसती बघत राहते. माझे गुडघे कसे ते काय सांगू? जावईबापू ट्रकवर, पंधरवड्यातून एकदा उगवतात.

घरी भेटायला येतो अशी शाळेची चिठ्ठी आली आणि भिंगरी पांढरीफटक पडली. तिने मनाशी घेतलं, की कळलं तर आपल्याला उचलून वसतिगृहात टाकतील आणि आई एकटी पडेल. मग आम्ही तिघींनी बेत केला. लेकीला पहाटेच उठवून खुर्चीत बसवलं, गुडघ्यांवर शाल, हात शालीखाली. भिंगरी पुस्तक घेऊन कोपऱ्यात. आणि मी बाह्या सरसावून घरची कारभारीण.

मी सांगितलं, घरातलं सगळं मीच बघते, पोर इकडची काडी तिकडे करत नाही. आणि चहा करायला उठले तर साखरच सापडेना! भिंगरीने सगळे डबे खालच्या फळीवर मांडलेत, आईचा हात पोचावा म्हणून. मला काय माहीत? तिला विचारावं तर सोंग उघडं पडणार. नेला तसाच, आणि ठोकून दिलं की आमच्याकडे साखर कुणी खातच नाही. नर्सबाई एक घोट घेऊन माझ्याकडे बघत राहिली. पण शेवटी दोघी म्हणाल्या, तुमचं छान चाललंय, आमची गरज दिसत नाही. आणि गेल्या. जिंकलो बघ. नंतर तिघी पोट धरधरून हसलो.

उत्तर लगेच टाक. माया आहे ती वाढू दे, आटू देऊ नकोस.

तुझी,
थोरली

दि. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र दुकानातच वाचलं. हसताना मशीनची सुई बोटात जाता जाता राहिली. चार चमचे साखर घेणारी माझी ताई म्हणे साखर खात नाही. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा पुन्हा वाचलं. तेव्हा हसू आलं नाही.

ताई, त्या मदत द्यायला आल्या होत्या गं. तू त्यांना वाटेला लावलंस. आपली आई खोकत पडली होती, शेजारीण चौकशीला आली, आणि आपण दोघी दार अडवून सगळं ठीक आहे म्हणालो, आठवतं? आपल्याला वाटलं होतं आईला नेतील. कुणी नेलं नाही, पण नंतर कुणी आलंही नाही. तू दुसरीत शाळा सोडलीस, पुढे मी चौथीत. मग जिंकलो कसलं म्हणतेस?

भिंगरी घाबरते, ती बारा वर्षांची आहे. तू एकाहत्तरची. मुलीला खरंच नेतात का, एवढं जाऊन विचारायला मोठं माणूस नको?

रागावलीस तरी पत्र लिही. जीव तुटतो म्हणून बोलले. तेवढा लोभ माझ्यावर राहू दे.

तुझी,
धाकटी

दि. २२ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

दोन दिवस तुझ्यावर फुगून बसले होते. तिसऱ्या दिवशी काठी घेतली आणि शाळा गाठली. बसायला दिली ती पोरांची खुर्ची, त्यातून उठवायला मग शिपाई बोलवावा लागला. पण बसले तशी सगळं सांगून मोकळी झाले. त्या बाईंनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, मुलीला घरातून कुणी नेणार नाही, मदतच घरात येईल. धाकटे, मला रडू आलं. त्यांना वाटलं गुडघा दुखतोय.

घरी येऊन कबूल केलं तर भिंगरीने मला फितूर ठरवलं. दोन दिवस अबोला. शुक्रवारी दोघी पुन्हा आल्या, तरी ती आईच्या खुर्चीला चिकटून उभी. नर्सबाई लेकीला स्वेटर घालायला गेली आणि चांगल्या हातापासून सुरुवात केली. भिंगरीने तिच्या हातातून स्वेटर काढूनच घेतला. म्हणाली, आधी आखडलेला हात, मग चांगला, नाहीतर आईचा खांदा ओढला जातो. मला वाटलं आता बाई चिडणार. तिने वही काढून लिहून घेतलं आणि विचारलं, आणखी काय काय सांगशील? पोरगी अर्धा तास सांगत होती.

तरी शेवटी अडून बसलीच, आईला माझ्याच हाताची सवय आहे. तेव्हा लेक बोलली, एरवी ती कमी बोलते. म्हणाली, “शेक कुणीही देईल गं. शाळेत काय काय झालं ते येऊन सांगायला मला तूच लागतेस.” तेव्हा कुठे भिंगरीने आईची खुर्ची सोडली.

आता ठरलंय असं: लेकीने पहाटे उठायचंच नाही, आरामात पडून राहायचं, आणि नर्सबाई रोज आठला येऊन सगळं करणार. काल शनिवारी वाचनालयात भिंगरीसारख्याच, आजारी आईबापांचं करणाऱ्या मुलांचा मेळावा होता. तिथे हिच्यासारखी सात जणं निघाली. हिला वाटत होतं जगात आपण एकटीच. आल्यापासून तोंड बंद नाही, आणि तिची आई ऐकतेय. मी मधे बोलले तर दोघी मलाच गप्प करतात.

तुझं बोलणं झोंबलं, पण लागू पडलं. अशीच बोलत जा, आणि थोरलीला जवळ धरून ठेव.

तुझी,
थोरली

ता. क. गुरुवारी सकाळी आठला नर्सबाईंबरोबर शाळेतल्या बाईही पुन्हा येतो म्हणाल्यात. भिंगरीने त्यांना बजावून सांगितलंय, मी घरी भेटणार नाही, आठला माझा गणिताचा तास असतो.