साहेबाच्या टेबलावर मिश्रीची डबी

माझ्या हिरडीले मिश्री पहिल्यांदा तूच लावली, माय. सात वर्षाची होती मी. निंदणात भूक लागली म्हणून रडत होती, तर तू कमरेची डबी काढली, काळी भुकटी बोटानं चोळली आणि म्हणाली, "आता सांजवरी भूक मरते." मेली. हे आधी लिहून ठेवते, खुशाली मागून विचारीन.

ज्या तव्यावर भाकर, त्याच तव्यावर तू मिश्रीसाठी तंबाखू भाजायची. घरभर धूर व्हायचा, आणि मी खोकली की तूच डोळे वटारायची. शेतात जेवाले थांबलं की मुकादमीण बोलायची. मिश्रीले कोणी बोलत नव्हतं, हात चालूच राह्यते. शेवटी तुझं तोंड दोन बोटं उघडत होतं, मग एक, मग चमचाही जाईना. मी दुधात भाकर कुस्करून, फडक्यानं पिळून तुझ्या ओठात सोडत होती. तोंड दाखव, असं तुले कोणीच म्हटलं नाही.

आता ऐक. मागच्या महिन्यात ग्रामपंचायतीत तंबाखूबंदीची बैठक झाली. तालुक्याचे साहेब आले, बिडी ओढणाऱ्या माणसाचं चित्र भिंतीले लावलं, शाळेपुढं तंबाखूबंदीची पिवळी रेघ मारायची ठरली. मग साहेब सर्वेचा कागद पाहून म्हणतात, या गावात बाया तंबाखू घेतच नाहीत. मी उठली आणि माझी डबी त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी डबी उघडून पाह्यली. म्हणे, मग सर्वेत काऊन नाही सांगितलं आजी? मी म्हटलं, तुमची माणसं सुनांले सासऱ्यापुढं विचारून राह्यली होती, कोण सांगीन? आणि आम्ही याले तंबाखू म्हणत नाही, दात घासणं म्हणतो. तुमचं तोंड तपासायचं शिबिर बाजाराच्या दिवशी भरदुपारी, पानटपरीच्या चौकात. तिथं तोंड उघडाले बाई येईन काय? बाईमाणूस डॉक्टर पाठवा, निंदण सुटल्यावर, बांधावर. साहेब हसले नाहीत, ते एक बरं. त्यांनी विचारलं, "आजी, पहिलं तोंड तुम्ही उघडाल?" मी हो म्हटलं. जीभ आधी चालते माझी, तुले ठाऊक आहे.

आली डॉक्टरीण. बांधावर लिंबाखाली खुर्ची टाकली. साऱ्या बाया पदर तोंडाशी धरून उभ्या, माझी सून सगळ्यात मागं. मी बसली, आ केला. बॅटरीचा उजेड डाव्या गालाशी थांबला, हलेच ना. डॉक्टरीण हळूच म्हणते, "हा पांढरा डाग कधीपासून आहे?" मागून बाया डॉक्टरणीचं तोंड पाहून राह्यल्या. मी घाबरली असती तर एकही बसली नसती. म्हणून मोठ्यानं म्हटलं, "पाह्य बाई नीट, दात कमी अन् जीभ जास्त आहे." हसल्या रांडा. मग एकेक करून बसल्या. सूनही बसली. तिच्या दाढेले मिश्री मीच लावली होती, तिचा दात दुखत होता तेव्हा.

मले चिठ्ठी देल्ली, बुलढाण्याच्या मोठ्या दवाखान्याची. सोमवारी बोलावलं आहे, डागाचा तुकडा काढून तपासतील. घरी सांगितलं नाही. चिठ्ठी घडी करून डबीत ठेवली, कारण तिथं कोणी हात घालत नाही. डाग मले साल होऊन गेलं ठाऊक होता, जीभ लागते तिथं. आणि आज सकाळी चिठ्ठी बाजूले सारून मी मिश्रीनं बोट भरलं, माय. हे त्या डॉक्टरणीले सांगितलं नाही, तुलेच सांगून राह्यली.

हे पत्र कुठं टाकणार? तू उत्तर देऊ नको, तू तर बंद तोंडानंच गेली. उत्तर त्या साहेबानं द्यावं. सोमवारी मजुरी बुडवून माझ्यासंगं बसमध्ये कोण बसणार, आणि निंदणातल्या बाईले जेवाची सुट्टी कोण देणार, हे त्यानं सांगावं. कागदावर नको. बांधावर येऊन, माझ्या सुनेच्या तोंडाकडं पाहून सांगावं.