माहेरच्या लुगड्याची अट नाही

मी, कौशल्या सोपानराव कड, पडद्यावरचे नाव इंद्रायणी, वय ८२, राहणार प्राधिकरण, निगडी, डोके ठिकाणावर असताना आणि कुणाचाही दाब नसताना हे लिहून ठेवते. गुडघे कामातून गेले आहेत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत, असे वकीलबाई म्हणाल्या.

१. राहता फ्लॅट विमलबाईला. ही आमच्या स्टुडिओत कपडेपट सांभाळायची. सिनेमात मी पुष्कळदा मेले. नायकाची पहिली बायको असले की मध्यंतराआधीच. दर वेळी शेवटचे लुगडे हिनेच माझ्या अंगावर पांघरले आणि शॉट संपल्यावर पहिला चहाही हिनेच दिला. तिला इथून कुणी हलवू नये.

२. माझे दागिने सगळे खोटे आहेत. ते सोसायटीतल्या पोरींना नाचायला द्यावेत. पुरस्काराच्या बाहुल्या भंगारात घालाव्यात. एक विमलबाई दाराला टेकू म्हणून लावते, ती राहू द्यावी.

३. मौजे कुरुळी येथील वडिलोपार्जित जमिनीतला माझा हिस्सा. याची हकीकत सांगणे भाग आहे. माझा पहिला सिनेमा चाकणच्या बाजारात तंबूत लागला, तेव्हा धाकटा भाऊ गेनबा हौसेने बघायला गेला. माझ्या नाचावर गावच्याच लोकांनी शिट्ट्या मारल्या. तो अर्ध्यातून उठून घरी आला आणि म्हणाला, "आमची भैन मेली." तेव्हापासून मला तो उंबरा बंद झाला. आई गेली तेव्हाही मी रस्त्यावरूनच परतले. याचा राग मला अजून आहे.

पुढे कारखाने आले, जमिनीला सोन्याचा भाव आला. गावोगावचे भाऊ साड्या घेऊन बहिणींच्या दारात हक्कसोडीची सही मागायला उभे राहिले. गेनबा आला नाही. मेलेल्या बहिणीची सही कशी मागणार? म्हणून सातबाऱ्यावर माझे नाव तसेच राहिले आणि घरच्यांनाही जमिनीचे काही करता आले नाही.

गेल्या वर्षी गेनबा वारला. मग एका रविवारी त्याची नात सृष्टी, चाकणला कंपनीत आहे, स्कूटीवरून एकटीच आली. मला वाटले, सहीला आली. ती म्हणाली, "आत्याआजी, आबा तुमचे पिच्चर मोबाइलवर बघायचे. आवाज बंद करून. तुमी मरायचा सीन आला की फोन पालथा घालायचे." मी तिच्यासमोर खूप रडले, तेही ग्लिसरीनशिवाय.

माझा हिस्सा सृष्टीला देत आहे, कोणत्याही अटीविना. उद्या तिचा भाऊ हक्कसोडीचा कागद घेऊन आला, तर तिने त्याला पोटभर जेवू घालावे आणि मग नाही म्हणावे.

४. बाई गेली की माहेरचे लुगडे येते आणि ते अंगावर घेऊन ती निघते. कपडेपटातली पुष्कळ झाली, मला कुरुळीचे हवे आहे. ही अट नाही. ते नाही आले तरी जमीन सृष्टीचीच. मी फक्त मागते आहे. रंग कुठलाही चालेल, माझ्या सिनेमात सगळी काळी-पांढरीच होती. त्या दिवशी चाकणच्या रस्त्याला ट्रॅफिक असणार, म्हणून विमलबाईने कुणालाही मला न्यायची घाई करू देऊ नये.

वाचून, समजून सही केली. आयुष्यभर चाहत्यांना 'इंद्रायणी' लिहून दिले. इथे घरचे नाव घालते.

(सही) कौशल्या सोपानराव कड

आमच्यासमोर सही झाली:
१. तनुजा भोंडवे, शेजारी
२. जयदीप काळभोर, सोसायटीचे सेक्रेटरी

(जिला मिळते तिला साक्षीदार होता येत नाही, म्हणून विमलबाई स्वयंपाकघरात रुसून बसली आहे.)

निगडी, १२ ऑक्टोबर २०२५