सुमतीची बॅटरी

लीड्स, रविवार, ३ ऑक्टोबर २००४

सुमती गेल्यानंतर आज प्रथमच नेमबाजीच्या क्लबवर गेलो. पिस्तूल कपाटात होते तसेच होते. कायदा बदलल्यापासून ते घरी आणता येत नाही. आता ते बरेच वाटते.

दारातच क्लबातला जुना मित्र जेफ. "कसा आहेस, लव्ह?" यॉर्कशरचे पुरुष एकमेकांना असे म्हणतात, हे सु.ला पहिल्या दिवशी कोणी सांगितले नव्हते. "अहो, हा बाप्या तुम्हांला लव्ह म्हणतो! मी बाहेर थांबू का?" घरी पोहोचेपर्यंत हसत होती.

नेम धरला नाही. तेल दिले, पुसले, परत ठेवले.

बुधवार, ६ ऑक्टो.

पोलिसांचे पत्र. परवान्याचे नूतनीकरण. अधिकारी २९ला घरी येणार.

रीडिंगहून मृदुलाचा फोन. "बाबा, ते पिस्तूल देऊन टाका ना. तुम्ही एकटा आहात, इट्स नॉट सेफ." म्हटले, पिस्तूल घरात नसतेच. "आय नो. पण तुमचा डोकं कुठे असतो?"

मुलीचे व्याकरण सुधारण्याचा मोह आवरला. प्रश्न योग्य होता.

रविवार, १० ऑक्टो.

क्लबच्या मागच्या खोलीत काडतुसे भरली. या पिस्तुलाची काडतुसे आता कोणताही कारखाना करीत नाही. दुसऱ्या जातीच्या पितळी पुंगळ्या घेऊन त्या कापायच्या, घडवायच्या आणि स्वतः भरायच्या. निवृत्तीनंतर माझ्या धातुशास्त्राचा एवढाच उपयोग उरला आहे.

जुन्या काळची पुंगळी पोटाने मोठी. हल्लीची दारू तिच्या तळाशी जेमतेम दिसते. चुकून दोनदा पडली तरी वर येत नाही. गोळी बसवल्यावर तर काहीच कळत नाही, आणि पिस्तूल हातातच फुटते. म्हणून लाकडी ठोकळ्यात पुंगळ्या ओळीने उभ्या करायच्या, आणि गोळ्या बसवण्याआधी दुसऱ्या कोणीतरी आत पाहायचे. ते काम सु.चे. "भरणाऱ्याने बघायचं नाही. तुम्हांला तुमचं नेहमी बरोबरच दिसतं." विणकाम बाजूला ठेवून, छोटी बॅटरी लावून ती एकेका पुंगळीत डोकावत असे आणि शेवटी "हं" म्हणत असे. मग मी गोळ्या बसवायच्या. संसारातले बहुतेक निर्णयही याच पद्धतीने झाले.

आज हात स्थिर होते. फार दिवसांनी एक काम पुरे केले.

रविवार, १७ ऑक्टो.

रेंजवर जेफने माझी काडतुसांची डबी उघडून पाहिली. "छान झालीत. बघितली कोणी?"

"सुमतीने," मी म्हणालो.

त्याने डबी हळूच खाली ठेवली. मग लक्षात आले.

डबी मिटली. एकही बार न काढता घरी.

सोमवार, १८ ऑक्टो.

कसे घडले ते नोंदवणे आवश्यक आहे. दारू भरून झाल्यावर मी ठोकळा नेहमीप्रमाणे डावीकडे, तिच्या खुर्चीपुढे सरकवला. चष्मा पुसला. तिला लागत असे तेवढा वेळ थांबलो. मग ठोकळा परत ओढला आणि गोळ्या बसवल्या.

"हं" ऐकू आले, असे माझे म्हणणे नाही. ते आले नाही हे जाणवले नाही, इतकेच.

मृ.ला सांगितलेले नाही.

रविवार, २४ ऑक्टो.

जेफला घेऊन सर्व काडतुसे उघडली, दारू पुन्हा तोलून पाहिली. सगळी बरोबर.

जेफने पाठीवर थाप मारली. "बघ! उगाच घाबरलास." त्याला समजावता आले नाही. ती बरोबर निघाली. मला ती बरोबर असल्याचे ठाऊक नव्हते. एखादे चुकले असते तर निर्णय सोपा होता.

परवाना परत करतो म्हणालो. तो चिडला. "आणि रविवारी करणार काय? भिंतीकडे बघत बसणार? मी बघतो तुझी काडतुसं. मलाही डोळे आहेत."

जेफ सज्जन आहे. पण तोंड मिटत नाही त्याचे, सु. त्याला आकाशवाणी म्हणत असे.

मंगळवार, २६ ऑक्टो.

मृ.ला सर्व सांगितले. रागावेल असे वाटले होते. आधी सगळे ऐकून घेतले. मग, "आई असती तर काय म्हणली असती?"

"आधी चहा घ्या, म्हणाली असती."

हसली की काय, फोनवर समजले नाही. "बाबा, तुम्ही ठरवा. पण शुअर असाल तरच. प्लीज." यापुढे ती काही म्हणणार नाही. त्यामुळे अधिक अवघड.

गुरुवार, २८ ऑक्टो.

सु.च्या विणकामाच्या पिशवीतून बॅटरी काढली. सेल उतरले होते, नवे घातले. जेफने माझ्यासाठी क्लबची खोली मुद्दाम उघडली.

थोड्याच पुंगळ्या भरल्या. ठोकळा डावीकडे सरकवला. जेफ तिच्या खुर्चीवर बसला नाही. कोपऱ्यातले स्टूल ओढून घेतले. हे मी विसरणार नाही.

बॅटरी लावून तो एकेका पुंगळीत डोकावला. ओठ घट्ट मिटलेले. आकाशवाणी बंद. शेवटी म्हणाला, "राइट, लव्ह."

माझा हात पुढे गेला नाही.

"वसंत, ठीक आहेत सगळ्या." असतीलच. त्याचे डोळे माझ्याहून चांगले आहेत. तरी हात मांडीवरच. अधिकारी उद्या अकराला येतील. त्यांना काय सांगायचे, ते या हाताने ठरवावे असे मनात होते.

जेफने माझ्याकडे पाहिले. बॅटरी पुन्हा लावली आणि पहिल्या पुंगळीपासून सुरुवात केली.

मी चष्मा काढून पुसू लागलो.