किडनी तयार आहे, वजन उतरायचंय

धाकल्यास थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. तब्येत कशी आहे असं पत्रात विचारायची रीत आहे म्हणून विचारते. कशी आहे ते मला ठाऊक आहे. दर दोन दिवसांनी डायलिसिसच्या मशीनला जोडून घेणाऱ्या माणसाने "मी मजेत" असं लिहू नये, मला राग येतो.

माझी किडनी तुला जुळते, पण अंगावरची चरबी उतरल्याशिवाय डॉक्टर ती काढायला तयार नाहीत. पथ्य करूनही वजन हलेना, तेव्हा त्यांना वाटलं मी चोरून खाते. (खाते, पण ते कारण नव्हे.) मग एका पोरसवदा डॉक्टरीणबाईने विचारलं, झोपता कधी? म्हटलं, सकाळी. इतकी वर्षं लॉन्ड्रीत रात्रपाळीला हॉटेलांच्या चादरी इस्त्री करतेय, दुसरं कधी झोपणार? ती म्हणाली, शरीराला घड्याळ असतं, रात्रीचं खाणं अंगाला जास्त चिकटतं, दिवसपाळी घ्या आणि नऊला झोपा.

घेतली दिवसपाळी. उभ्या उभ्या डुलकी लागली आणि चादरीबरोबर माझी बाही इस्त्रीच्या रोलरमध्ये गेली. शेजारणीने मशीन बंद केलं म्हणून हात राहिला. घरी नऊला आडवी व्हायचे आणि मध्यरात्र उलटेपर्यंत छत बघायचे. जागं राहिलं की भूक लागते, म्हणून तुझ्या दाजींनी स्वयंपाकघराला कुलूप घातलं आणि किल्ली उशीखाली घेऊन घोरायला लागले. मी त्यांच्या खोकल्याच्या औषधाची गोड बाटली संपवली. वजन वाढलंच. डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला (स्वतःच्या), म्हणाल्या, काही माणसं जन्मतःच उशिराची असतात, त्यांना मारूनमुटकून लवकर झोपवण्यात अर्थ नाही. रोज एकाच वेळी झोपा आणि अंधार पडल्यावर खाऊ नका. आता दुपारपाळी करते, शेवटचं जेवण उजेड आहे तोवर लॉन्ड्रीतच उभ्याने उरकते. दोन किलो उतरलं, सहा राहिलं. आणि ऐकून ठेव, ही किडनी उशिरा झोपणाऱ्या बाईची आहे. तुझ्यात आल्यावर तीही तुला जागवणार, तेव्हा माझ्या नावाने बोंब मारू नकोस.

उत्तर तू स्वतः लिही, वहिनीकडून लिहून घेऊ नकोस. हात थरथरला तरी मला वाचता येतं.

तुझी ताई

ता. क. दोन किलो लिहिलं ते खोटं. एकच उतरलंय. दुसरं उतरेल म्हणून आधीच लिहून टाकलं.

आणखी एक ता. क. खरं म्हणजे याच्यासाठीच लिहायला बसले. वहिनी फोनवर म्हणाली, ताईंचं काही जमेना म्हणून तुझी लेक स्वतःची किडनी द्यायला तपासणी करून आली, आणि तू गप्प बसलास. तिचं लेकरू अजून रांगतंय. पोट शिवून पडलेल्या आईने त्याला उचलायचं कसं? तिला सही करू देऊ नकोस. माझ्यासाठी दोन महिने थांब. तेवढे निघणार नसतील तर तसं स्पष्ट लिही, मी जेवणच सोडते. घरात जुनं धडधाकट असताना नवं फाडत नाहीत.