मानसी, नोरीन आणि हलकी बाइंडिंग

४ जानेवारी, रविवार
सकाळपासून जेवणाच्या टेबलावर मानसीचा लॅपटॉप, आणि लॅपटॉपमध्ये नोरीन. मार्चमध्ये दोघी नॉर्वेला. लिफ्ट नाही, रिसॉर्ट नाही. स्कीज पायात घालून डोंगर चढायचा आणि तसाच उतरायचा. मागच्या हिवाळ्यात ऑस्ट्रियात माझ्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं नसतं तर हे मा. आणि मी करत असतो. फिजिओ म्हणते, पुढच्या वर्षी बघू.

आजचा विषय बाइंडिंग, बूट स्कीला धरून ठेवतं ते. एक हलकं: पुढे दोन पिना बुटाला चिमटीत धरतात, चढताना टाच मोकळी. दुसरं जड: टाचेबरोबर सगळी चौकटच उचलायची, पण पडल्यावर पाय सोडण्यात जास्त भरवशाचं. मी म्हटलं, जड घे.
"नोरीन म्हणते, दिवसभर प्रत्येक पावलाला ते वजन उचलावं लागतं."
नोरीन म्हणते.

७ जाने.
नोरीन. साठीची, आयरिश, निवृत्त नर्स, आमच्या शहराबाहेर विकलोत एकटी राहते. मा.ला हायकिंग क्लबात भेटली. दर दोन वाक्यांनंतर 'ग्रँड', म्हणजे ठीक, छान. या बाईवर मी जळतोय आणि कुणाला सांगायची सोय नाही. पुरुष असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

हरिश्चंद्रगडाला नळीच्या वाटेत मा.च्या पुढे मी होतो. तेव्हा आमचं लग्नही ठरलेलं नव्हतं. पाय कुठे ठेवायचा मी सांगायचो, ती ठेवायची. वर पोचल्यावर म्हणाली, तू नसतास तर मी अर्ध्यातून परत गेले असते. ते वाक्य मी किती वर्षं वापरतोय.

१० जाने., शनि.
दुकानात तिघं. मी क्लोनडॉकिनच्या घरून गाडी चालवत नेलं, नोरीन तिकडेच भेटली. हलकीच बाइंडिंग घेतली. ती बसवताना दुकानातल्या माणसानं विचारलं वजन, उंची, वय. मग विचारलं, स्की कशी करता? जपून, मध्यम की जोरात? त्यावर ठरतं, पडल्यावर बाइंडिंगनं किती जोर आल्यावर पाय सोडायचा.
मी म्हटलं, जपून. त्याच क्षणी नोरीन म्हणाली, मध्यम.
माणूस मा.कडे बघत राहिला.
"मध्यम," मा. म्हणाली. माझ्याकडे न बघता.

परतताना गाडीत मी आणि मा. ती मागच्या सीटवर बसली होती, स्कीज सांभाळायला. स्कीज कुठे पळून जात होत्या?

१४ जाने.
संक्रांत. मा.नं तिळाच्या वड्या केल्या, पहिला डबा नोरीनसाठी भरला.

आता स्किन्स. स्कीच्या तळाला चिकटवायची केसाळ पट्टी. पुढे सरकते, मागे घसरू देत नाही, म्हणून चढता येतं. मी ऑफिसचं काम बाजूला टाकून वाचत बसलो होतो. नायलॉन पकडतं चांगलं, टिकतं जास्त. मोहेर, म्हणजे शेळीच्या केसांचं, सरकतं छान, पण झिजतं. मी नायलॉनवर आलो. व्यवस्थित मुद्दे काढून सांगितलं. नोरीननं फोनवर एका वाक्यात सांगितलं, मोहेर.
मा.नं दोन्हींचं मिश्रण मागवलं. "तुझंही ऐकलं, तिचंही." म्हणून हसली.
मला ते मिश्रण अपमानासारखं लागलं. तिळगूळ मात्र खाल्ला.

१८ जाने., रवि.
विकलोच्या डोंगरांत बर्फ पडलाय. इथे तो टिकत नाही, म्हणून पहाटेच निघालो. नव्या स्किन्स अजून आलेल्या नाहीत, मा.नं नोरीनच्या जुन्या लावल्या. त्या मा.च्या स्कीपेक्षा रुंद, लोखंडी कडांवरही येत होत्या.
मी पार्किंगमध्ये, चहाचा थर्मास घेऊन. समोरच्या उतारावर दोघी स्पष्ट दिसत होत्या. पुढे नोरीन, मागे मा. आडवं जाताना कडक बर्फ आला आणि मा. घसरली. बरीच खाली आली.
मला बरं वाटलं. लिहून ठेवतो. दुसरीकडे कुठे लिहिणार.

मग वाट बघितली, नोरीन आता खाली येईल, हात देईल. नाही आली. काठ्यांवर रेलून उभी राहिली. मा. उठली, पुन्हा घसरली, स्की फिरवून कड रोवली आणि एकेक पाऊल आडवं टाकत वर गेली. दोघी पुढे निघाल्या. दोघींपैकी कुणीही मागे वळून बघितलं नाही.

घरी येताना मा. म्हणाली, "ती काहीच बोलत नाही रे. नुसती थांबते."
"मी फार बोलतो का?"
"तू काळजी करतोस."
हे उत्तर नव्हे.

३ फेब्रु., मंगळ.
मा.चा फोन, ती नोकरी करते त्या सँट्रीच्या लॅबमधूनच. नोरीन घराच्या पायरीवर, दंव पडलं होतं त्यावर, घसरून पडली. मनगट मोडलं. नॉर्वे रद्द.
पहिला विचार: आता मा. जाणार नाही. दुसरा: बिचारी. या क्रमानं.
संध्याकाळी मा. रडली. मी जवळ घेतलं. आतून एवढा हलका होतो की भीती वाटली, तिला कळेल.

७ फेब्रु., शनि.
नोरीनकडे गेलो. मा.नं आमटी-भात नेला होता. नोरीन डाव्या हातानं चमच्यानं जेवली, तिखट लागलं तरी संपवलं. मा. आत भांडी धुऊन प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, लावत होती, तेव्हा नोरीन हळू आवाजात म्हणाली, "त्याच आठवड्यात नॉर्वेला एका गाइडचा ग्रुप जातोय. एक जागा आहे. मी तिला सांगितलं. म्हणाली, ऋषीला विचारते."
मी आतल्या दाराकडे बघितलं.
"माझ्या नवऱ्याला आवडायचं नाही," ती म्हणाली. "मी जायचेच. आले की तो विचारायचा नाही, कसं झालं. मग मीही सांगायचं सोडलं. तो गेला त्याला आता दहा वर्षं होतील. त्याला मी एकही डोंगर सांगितलेला नाही."
मा. हात पुसत बाहेर आली. नोरीननं लगेच विषय बदलला, प्लॅस्टरखाली खाज किती येते यावर.
वाईट बाई असती तर किती सोपं झालं असतं.

१५ फेब्रु., रवि.
स्किन्स आल्या. कापून द्यायला मा.नं मलाच सांगितलं, माझा हात स्थिर म्हणून. पट्टी स्कीला चिकटवायची आणि कडेनं कटर ओढायचा. दोन्ही बाजूंची लोखंडी कड उघडी राहायला हवी, नाहीतर त्या दिवशीसारखं होतं. मा.नं स्की धरून ठेवली. मी कापत होतो.
"ग्रुपवाल्यांना उद्या कळवायचंय," ती म्हणाली.
"तुला काय वाटतं?"
"मला जायचंय. पण तू नको म्हणालास तर नाही जाणार. नंतर तोंडही पाडणार नाही."
कारणं आहेत. अनोळखी माणसं. हिमस्खलन. तिचा पहिलाच मोठा दौरा. सगळी खरी आहेत, हीच पंचाईत. एकही कारण खोटं असतं तर ही काळजी आहे की जळणं, माझं मला कळलं असतं.

पहिली स्की झाली. मा.नं कडेवरून बोट फिरवून बघितलं, "छान झालंय" म्हणाली. दुसरी टेबलावर ठेवली आणि या वेळी ती धरायला उभी राहिली नाही. समोर खुर्ची ओढून बसली. नोरीनसारखी, काही न बोलता.
मी कटर उचलला. ही पट्टी कापली, तर तेच माझं 'जा'. पुन्हा खाली ठेवला.