मंजूर झालेला पगार

बाई,

गेल्या महिन्यात मी तुमच्या मुलाच्या घरी जाऊन आलो. तुम्हाला जाऊन आता एकोणीस वर्षे झाली. तुमच्या दहाव्याला मी मुद्दाम आलो नव्हतो, आणि पुन्हा तुमच्या घरात पाऊल टाकण्याचे मला काही कारणही नव्हते. ते कारण आपणहून माझ्या दारात आले. ते आले तेव्हा मला झालेला आनंद फारसा सभ्य नव्हता, हे आधीच लिहून ठेवतो. सातवीत तुम्ही आम्हाला गणित शिकवलेत. मधली रीत न दाखवता थेट उत्तर लिहिले की तुम्ही निम्मे गुण कापत असा. म्हणून सगळे क्रमाने लिहितो.

माझी आई तुमच्या मुलाला सांभाळायची. तुम्ही शाळेत, तुमचे यजमान नाशिक रोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये नोकरीला, आणि दीड वर्षाचे बाळ सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत आईच्या कडेवर. तिला द्यायचे निरोप तुम्ही मला वर्गात देत असा. हजेरी संपली की चष्म्यावरून पाहत म्हणायचात, "तुझ्या आईला सांग, काल दूध उतू गेलं होतं आणि ओटा तसाच होता." एकदा म्हणालात, "आईला सांग, दहा म्हणजे दहा. घड्याळ कळतं ना तिला? नाहीतर तू शिकव. तुला तरी कुठे धड येतं म्हणा." सगळा वर्ग हसला. तुम्हीही हसलात, आणि मग फळ्याकडे वळून त्रैराशिकाचे उदाहरण लिहिलेत. ते उदाहरण मी बरोबर सोडवले होते. तुम्ही वही पाहिली नाहीत.

संक्रांतीनंतरचे तुमच्याकडचे हळदीकुंकू मी पाहिलेले नाही. आईने त्याच संध्याकाळी घरी स्टोव्ह पेटवता पेटवता सांगितले, आणि तिने सांगितले तसेच मला ते आजही दिसते. तुम्ही तिला सगळ्यांबरोबर सतरंजीवर बसवता. तिला केवढे अप्रूप वाटते! तुम्ही कुंकू लावता, ओटी भरता, वाण म्हणून स्टीलची गाळणी देता. तांदूळ सांडू नयेत म्हणून तिने दोन्ही हातांनी पदर धरलेला आहे. नेमक्या त्या क्षणी, कॉलनीतल्या पंधरा-वीस बायकांदेखत तुम्ही म्हणता, "मावशी काय, आमच्या घरच्याच. बाळ आता बालवाडीत जायला लागला, तर पुढच्या महिन्यापासून दीडशेऐवजी शंभर. चालेल ना हो मावशी? घरच्या माणसांत कसली आलीय घासाघीस!" बायका म्हणतात, नशीबवान आहात हो, अशी बाई मिळाली. आई म्हणते, चालेल.

मी तिला म्हणालो होतो, "नाही म्हणायचं होतंस."

"भरल्या ओटीनं? शोभलं असतं का ते? आणि ते पोर माझ्याशिवाय घास घेत नाही रे."

बाळ बालवाडीत असे ते तीन तास आई मोकळी राहिली असती, तर मी तुम्हाला आज सोडून दिले असते. पण ती नुसती बसून असते असे तुमच्या लक्षात आले आणि तुम्ही तिला आधी गहू निवडायला दिलेत, मग धुणे दिलेत. त्यापुढची सहा वर्षे ती तुमच्याकडे शंभर रुपयांवर राबली. तुमच्या मुलाला वरणभात भरवून ती घरी यायची, तेव्हा मी सकाळची पोळी खाऊन अभ्यासाला बसलेला असे.

पुढे मी बी.कॉम. झालो आणि सातपूरच्या एका कारखान्यात कामगार विभागात लागलो. पगाराचे करार लिहिण्यात तीस वर्षे गेली. माझा एक नियम तिथे सर्वांना पाठ आहे: पगार कमी करायचा असेल तर कोणते काम कमी होणार ते आधी लिहा, मग सहीला या. साहेब लोक माझ्या मागे हसतात. हा नियम मी कोणाच्या हळदीकुंकवातून शिकलो ते त्यांना ठाऊक नाही.

आता त्या दारात आलेल्या कारणाविषयी. आमच्या गल्लीत चांदवडकडची एक बाई राहते, चाळिशीची, नवरा कांद्याच्या गाड्यांवर हमाली करतो. लोकांचे अर्ज मी लिहून देतो, म्हणून ती रविवारी सकाळी आली. "भाऊ, एक इचारायचं व्हतं. मी एक पोरगी सांभाळते, साडेतीन वर्षांची. ती आता शाळेत जाती. दादा म्हणले, सकाळी आठला नका येऊ, साडेअकराला या, पण बाराऐवजी नऊ हजार देऊ. राहू का सोडू?"

मी रीतसर विचारले. दुसरे घर आहे का? आहे, गंगापूर रोडला, तेरा हजार, पण दोन बस बदलाव्या लागतात. मोकळ्या सकाळी दुसरे काम मिळेल? मिळेल, खालच्याच मजल्यावर पोळ्यांचे. मग अडचण कसली? ती पदराशी चाळा करत म्हणाली, "पैशाचं एक हाय, भाऊ. पण पोरगी लय लळ्याची हाय. माझ्याबिगर झोपत नाय."

बाई, इथवर तुमच्या मुलाचे वागणे तुमच्यापेक्षा स्वच्छ होते. त्याने पैशांबरोबर वेळही कमी केला होता. माझ्याच नियमाप्रमाणे हा प्रस्ताव सहीला आणण्याजोगा होता, आणि थोडे ताणून तो दहावर मिटला असता. मी तिला तसे सांगणारही होतो. पण घर कोणते म्हणून विचारले, आणि तिने इमारतीचे व तुमच्या घराण्याचे नाव सांगितले. मी म्हणालो, "कमी पगारात अजिबात राहायचं नाही. मी येतो बरोबर."

दार तुमच्या मुलाने उघडले. चेहरा तुमचाच, चष्मासुद्धा तसाच. मी कोण ते सांगताच तो म्हणाला, "मावशींचे तुम्ही? अहो, या ना आत! मावशींनी वाढवलंय मला." मी बसलो नाही. उभ्यानेच म्हणालो, "मी यांच्या वतीने आलोय. पगार कमी होणार नाही." भांडणाची सर्व कलमे मी मनाशी तयार ठेवली होती. त्याने बायकोकडे पाहिले, तिने मान हलवली, आणि तो म्हणाला, "ठीक आहे. बारा तर बारा. वेळ साडेअकराचीच ठेवू. मावशींच्या मुलाला मी नाही कसं म्हणू?"

काम संपले होते. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या त्या बाईने सुटकेचा श्वास टाकलेला मला ऐकू आला. मी म्हणालो, "पंधरा. आणि तुमच्या आईने माझ्या आईचा पगार सगळ्यांदेखत कमी केला, ते चुकीचं होतं, असं यांच्यासमोर म्हणा."

त्याने चष्मा काढला. मग म्हणाला, "आई नाहीये आता. तिच्याबद्दल मी असं काही बोलणार नाही."

तुमची सून पुढे झाली. "काका, हे ताईंच्या पगाराचं चाललंय की दुसरंच काही? दुसरंच असेल, तर राहू द्या मग. आम्ही बघू दुसरं कोणी."

"चला, ताई," मी म्हणालो आणि निघालो. मुलगी आतल्या खोलीतून धावत आली होती. तिला सुनेने उचलून घेतले, तशी ती रडू लागली. त्या घरात आपल्या बाईसाठी कोणीतरी रडते आहे, हे ऐकून मला बरे वाटले. हेही लिहून ठेवतो.

ती बाई निमूटपणे माझ्यामागून आली. का आली ते मला जिन्यात कळले. प्रत्येक मजल्यावर ती थांबून वर पाहत होती. बाजारात भाव जमला नाही की गिऱ्हाईक चालू लागते, आणि चार पावलांवर मागून हाक येते. भाऊंनीही तसेच केले असणार, असे तिने धरले होते. खाली फाटकाशी आम्ही दहा मिनिटे उभे राहिलो. ती एकदा म्हणाली, "येत्याल आता." शेवटी तिने विचारले, "भाऊ, बारा कबूल केले व्हते ना त्यांनी?"

"ते टिकले नसते," मी म्हणालो. "दोन महिन्यांत पुन्हा कमी केले असते. मी अशी माणसं ओळखतो."

तिने मान डोलावली. आता ती गंगापूर रोडला जाते. तेरा हजारांतले हजारभर बसला जातात आणि पोळ्यांचे काम राहूनच गेले. गल्लीत भेटली की अजून म्हणते, बरं झालं भाऊ, तुमी व्हता. आणि लगेच विचारते, त्या पोरीचं काही कळलं का?

तुमच्या मुलाला नवी बाई मिळाली नसल्याचे मला समजले आहे. सून रजेवर आहे. तुम्ही असतात तर हे सर्व तुम्हाला बसून पाहावे लागले असते, आणि तुम्ही नाहीत एवढीच माझी हरकत आहे. पत्र पाठवायला पत्ता नाही. असता तरी मी ते पाठवले नसते, कारण पुढच्या दोन ओळी तुमच्या हाती लागाव्यात अशी माझी इच्छा नाही.

तुमचा मुलगा शब्दाला पक्का वाटला, बाई. तिचे बारा टिकले असते, आणि हे मी तिला अजून सांगितलेले नाही.